सरांची नसलेली गाडी

सकाळी मी दूध आणायला बाहेर पडायचो तेव्हा नागोराव सर हातात काठी घेऊन अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे निघालेले असायचे. आत गेल्यावर एका मोठ्या ताडपत्रीवर काठी आपटायची, विंचूकाटा असला तर निघून जावा म्हणून थोडं थांबायचं, मग ताडपत्रीचं टोक उचलून आत डोकवायचं आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं, "हाय." जन्मभर नायगावच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. हजेरी घेताना मास्तर जेवढे कंटाळलेले असतात, तेवढेच सर तेव्हाही कंटाळलेले दिसायचे.

मी तेव्हा नांदेडच्या एका कॉलेजात नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो आणि सरांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं होतं. नव्या शेजाऱ्याला जेवढा चोंबडेपणा शोभतो तेवढा करून मी एकदा विचारलंच, "सर, आत काय आहे?"

"लोकाची गाडी."

"कुणाची?"

"लोकाची म्हणलं की, बालाजी. माझी न्हाई, एवढं ध्यानात ठेवा म्हंजे झालं."

मग त्यांनी ताडपत्री बाजूला केली. तशी गाडी मी त्याआधी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. गर्द हिरवी, दोन दारांची, दोनच माणसांची, वर टप नाही. इतकी बुटकी, की चालवणाऱ्याची बैठक रस्त्यापासून जेमतेम हातभर. जाणकार म्हणायचे, अशा विलायती स्पोर्ट्स गाड्या देशात हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्याच उरल्यात. आमच्या गल्लीतली पोरं तिला चपटी म्हणायची. हळूहळू पोरांचे बापही म्हणायला लागले.

गाडी लातूरच्या डॉक्टर मोईन यांची. तरुणपणी सर लातूरला शिकायला होते तेव्हा डॉक्टरांच्या घरामागच्या खोलीत राहायचे. डॉक्टरांची आई रोज संध्याकाळी त्यांच्या ताटात आपल्या हातची भाकरी वाढायची, भाड्याचा विषय कधी निघाला नाही. गाडी डॉक्टरांच्या वडिलांनी हैदराबादेहून आणलेली. पुढे डॉक्टर परदेशी निघाले तेव्हा स्वतः चालवत ती नांदेडला घेऊन आले, शेडमध्ये लावली, किल्ली सरांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "नागोराव, अमानत समझके रखो. दो साल की बात है." एसटीत बसून ते लातूरला परत गेले. आधी आखातात, मग कॅनडात. दोन वर्षं कधीच उलटून गेली. सरांचा मुलगा पहिलीतून बारावीला गेला, नोकरीला पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं. गाडी तिथेच.

आमच्या मराठवाड्यातून निजाम गेला, पण आमच्या तोंडातून काही गेला नाही. अमानत हा त्यातलाच एक शब्द. दुसऱ्याची ठेव. ती वापरायची नाही, मोडायची नाही, आणि जशी दिली तशी परत करायची. सरांनी तो शब्द गणितातल्या गृहीतासारखा धरला. ते त्या गाडीत कधी बसले नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, शिकायची हौस नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती गाडी त्यांना आवडतही नव्हती. हे कुणाला पटायचं नाही. लोक म्हणायचे, सरांचा काय जीव आहे हो गाडीवर! सर कपाळाला हात लावायचे. "जीव कसला? माझ्या छाताडावर बसलीय ती."

छाताडावर नसली तरी जागेवर ती बसलीच होती. सरांचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. धान्याच्या कोठ्या पलंगाखाली आणि पलंगाच्या अवतीभोवती. शेडच्या जागी आणखी एक खोली सहज निघाली असती. वत्सलाकाकू, सरांच्या पत्नी, हे अधूनमधून बोलून दाखवायच्या. कुरकुर म्हणून नाही, आज भाजीला मीठ कमी पडलंय हे जसं सांगावं तसं. सर म्हणायचे, "डॉक्टरसाब आले की मोकळी होते जागा." काकू म्हणायच्या, "हाव, येतील की." मग दोघंही आपापल्या कामाला लागायचे.

गाडी खरी सांभाळली ती काकूंनी. दर उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायच्या वेळी त्या गव्हाला एरंडेल चोळायच्या, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायच्या. ते आटोपलं की उरलेलं एरंडेल घेऊन शेडमध्ये जायच्या आणि फडक्यानं सगळी गाडी माखायच्या. दारं, बिजागऱ्या, चाकांच्या तारा, दिव्यांच्या कडा, काही सोडायचं नाही. बैठकीखाली कडुनिंबाचा पाला. मी एकदा हसलो तेव्हा म्हणाल्या, "हसून काय राहिले भाऊजी? कीड काय, जागा पाहूनच येती." गाडीला कीड लागत नाही हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

काकू गेल्या त्या साध्या तापाचं निमित्त होऊन. त्यानंतर सर आणखी थकले. "काय करून राहिले सर?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मरून राहिलो. दुसरं काय?" पण सकाळची हजेरी चुकली नाही.

मग एका दुपारी डॉक्टरांच्या पुतण्याचा लातूरहून फोन आला. डॉक्टर हिवाळ्यात येणार होते. तब्येत नाजूक, बहुधा ही शेवटची खेप. गाडीचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, विकली तरी काकांची हरकत नाही, असाही निरोप होता. सरांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली.

"बालाजी, गाडी रस्त्यावर आणायची. डॉक्टरसाब लातूरला हायत तोवर तिनं तिच्या चाकांवर त्यांच्या दारात जायाला पायजे."

"टेम्पोत घालून नेऊ की सर. ते तर विका म्हणतायत."

"विकायला माझी हाय का? अन् टेम्पोत मेलेलं ढोर नेतेत. चालू दिली होती, चालूच परत करायची. एकदाचं हे ओझं माझ्या हातानं उतरू द्या, मग मी जायाला मोकळा."

हट्टी माणसाचा मला मनापासून राग येतो, कारण त्याचा हट्ट शेवटी शेजाऱ्याला पुरवावा लागतो. गॅरेजवाल्या गफार मिस्त्रींना मीच जाऊन घेऊन आलो. त्यांनी गाडीला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली आणि खूश झाले. बाहेरून गंजाचा ठिपका नव्हता. दारं लोण्यासारखी उघडत होती. "सर, ही तर नवरी हाय," ते म्हणाले. मग त्यांनी इंजिन हातानं फिरवून पाहिलं, आणि नवरी रुसलेली निघाली. इंजिन जाम. तसूभर हलेना.

तिथून आमचे हाल सुरू झाले. मिस्त्रींनी इंजिनात डिझेल ओतून ठेवलं, मग रॉकेल ओतलं. रोज संध्याकाळी येऊन जोर लावून पाहायचं, आणि रोज काहीच नाही. टाकी आतून गंजली होती, रबरी नळ्या हात लावताच तुकडे होत होत्या, ब्रेक नावालाच होते. त्या मापाचे टायर नांदेडात नव्हते, लातुरात नव्हते. शेवटी दुसऱ्याच कुठल्या छोट्या गाडीचे बसवले. प्रत्येक बारीकसारीक वस्तूसाठी मी आणि सर एसटीनं लातूरला जायचो आणि बहुतेकदा रिकाम्या हातानं परतायचो. सर खिडकीशी बसून डोळे मिटायचे. झोपलेत असं वाटलं की मध्येच म्हणायचे, "दुसऱ्याची वस्तू म्हंजे दुसऱ्याचं पोर. आपलं पोर पडलं झडलं तर चालतं." सांध्यांनी त्रास दिला की अहमदपूरच्या स्थानकावर उतरून पाय मोकळे करायचे. मी म्हणायचो, सर, पुरे आता. ते म्हणायचे, "मला हौस हाय का?" आणि पुन्हा बसमध्ये चढायचे.

थंडी पडायला लागली, डॉक्टर लातूरला येऊन पोचले, तरी इंजिन मोकळं होईना. शेवटी मिस्त्रींनी ते उघडायचं ठरवलं. वरचं झाकण काढलं तेव्हा सर आणि मी शेजारीच उभे होतो. आत सगळीकडे पिवळट तपकिरी, घट्ट, चिकट थर बसलेला. मिस्त्री चक्रावले.

"सर, ह्याच्यात डिंक भरलाय का कुणी?"

सरांनी बोटावर थोडं घेतलं आणि नाकाशी नेलं.

"एरंडेल हाय," ते म्हणाले.

मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. मग त्यांना आठवलं. गाडी आली त्याच्या पुढच्या वर्षी ते सरांकडे येऊन गेले होते. सर शाळेत होते, घरी वहिनी एकट्याच. "मीच त्यांना सांगितलं होतं सर. गाडी उभी राहणार असंल तर दरसाल हे प्लग काढून आत थोडं तेल सोडत जा म्हणून. पाना पण देऊन गेलतो, कसं फिरवायचं ते दाखवलं होतं. पण इंजिनचं तेल, असं काही बोललो न्हाई. तेल म्हंजे तेल. मला काय माहीत?"

त्या घरात साठवणीच्या वस्तूला लावायचं तेल एकच होतं. दर उन्हाळ्यात गव्हाचं झालं की काकू शेडमध्ये येत, पाना घेऊन ते प्लग काढत आणि सांगितल्याप्रमाणे आत तेल सोडत. एकही साल चुकवलं नसणार. जे एरंडेल बाहेरून गंजाला अडवून उभं राहिलं, तेच आत वर्षानुवर्षं आटून, घट्ट होऊन इंजिनाला चिकटून बसलं होतं. डिझेल आणि रॉकेल त्याच्यावरून नुसतं वाहून जात होतं.

मला वाटलं, सर आता चिडतील. ते उपड्या बादलीवर बसले.

"गहू समजली हो ती," ते म्हणाले, आणि रडायला लागले.

काकू गेल्या तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. जिला त्या गाडीपायी कधी एक खोली मिळाली नाही, ती बाई दरवर्षी इमानानं तिचीच राखण करत होती. गफार मिस्त्री उगाच हातातला पाना पुसत राहिले.

मग सरांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि मास्तरांच्या आवाजात सांगितलं, "गफारभाई, काय धुवायचं ते धुवा. पण एरंडेलाचं नाव कुणाजवळ काढायचं न्हाई. कुणी विचारलं तर गाडी वयानं बसली, असं सांगा. आमच्या हिला कुणी हसलेलं मला चालायचं न्हाई."

मिस्त्रींनी गरम पाणी वापरलं, स्पिरिट वापरलं, शिव्या तर भरपूर वापरल्या, आणि अखेर इंजिन सुटं केलं. ते पहिल्यांदा सुरू झालं तो रविवारचा दिवस होता. धूर निघाला आणि त्या धुराबरोबर, कुठेतरी नळीत उरलेल्या एरंडेलाचा जळका वास सगळ्या गल्लीत पसरला. लहानपणी रविवारी सकाळी पोट साफ व्हायला ज्यांना ज्यांना एरंडेल पाजलं गेलं होतं, ते सगळे म्हातारे नाक दाबून दारात येऊन उभे राहिले. कुणी काही विचारायच्या आत गफारभाई ओरडले, "वयानं बसली होती!"

कागदपत्रांचं काम डॉक्टरांच्या पुतण्यानं निस्तरलं. गाडी चालवायची माझ्यावर आली, कारण बैठका दोनच, सरांना बरोबर यायचंच होतं आणि गफारभाईंना गॅरेज सोडता येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ते त्या गाडीत बसले. बसले म्हणजे मी आणि मिस्त्रींनी त्यांना धरून खाली सोडलं. पिशवी मांडीवर घट्ट धरून, पाठ न टेकता ते लातूरपर्यंत तसेच बसून राहिले. परक्याच्या घरी ओल्या कपड्यांनी गेलेला माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो, तसे.

लोह्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही अडकलो. ट्रॉलीवरच्या पोरी आमच्याकडे वरून बघून हसत होत्या. इतक्या खालून जग बघायची मला सवय नव्हती. थंड वारा थेट छातीवर येत होता आणि माझं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे लागलेलं. अहमदपूरला चहाला थांबलो तर गर्दी जमली. एकानं मोबाईल काढला, दुसऱ्यानं विचारलं, "काका, ॲव्हरेज किती देती?" विकायची आहे का, असंही कुणी विचारलं. सर प्रत्येकाला एकच उत्तर देत होते, "माझी न्हाई." चहा न संपवताच ते उठले.

डॉक्टरांच्या घरासमोर गाडी उभी केली तेव्हा दुपार उतरली होती. डॉक्टर अंगणात खुर्चीत उन्हाला बसले होते. अगदी बारीक झालेले, अंगात जाड स्वेटर. पुतण्यानं हात दिला तेव्हा उठले, गाडीपाशी आले आणि दारावर तळवा ठेवून हसले. सरांनी पिशवीतून किल्ली काढली.

"डॉक्टरसाब, चालू दिली होती, चालू आणलीय. पाहून घ्या."

डॉक्टरांनी किल्लीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "नागोराव, तुम चलाए नै कभी इसको?"

"माझी कुठं होती?"

"तुमारीच तो थी." डॉक्टर हळू बोलत होते, मध्ये दम घेत. "मैं तो दे दिया था. अमानत तो बस बोलने की बात थी. तोहफा बोलता तो तुम लेते क्या?"

सरांचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता, त्यात किल्ली.

"माझी असती डॉक्टरसाब," सर म्हणाले, "तर दुसऱ्याच दिवशी विकून टाकली असती. त्या जाग्यावर हिला एक खोली बांधली असती."

डॉक्टरांनी मान खाली घातली. काकू गेल्याचं त्यांना माहीत होतं. मग त्यांनी सरांच्या हाताची मूठ आपल्या हातानं मिटवली. "तो अब ले लो. अब बेच दो."

"आता खोली कुणाला बांधू?"

सरांनी मूठ उघडली आणि किल्ली खुर्चीवर ठेवली. जेवायचा आग्रह झाला, आम्ही जेवलो. कोणी काय बोललं ते मला आठवत नाही. निघताना दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली, आणि कोण कुणाला आधार देतंय ते कळत नव्हतं.

परतीच्या एसटीत मी डॉक्टरांवर चिडलो होतो. एक शब्द, फक्त एक शब्द नीट सांगितला असता तर या माणसाचं निम्मं आयुष्य मोकळं झालं असतं. मी तसं बोललोही. सर खिडकीबाहेर पाहत होते.

"त्यांचं काय चुकलं? माझा मान राहावा म्हणून त्यांनी शब्द बदलला. मीच शब्द धरून बसलो. गणिताचा मास्तर मी. उदाहरण जसं मांडलं तसं सोडवलं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण बालाजी, द्यायचं तर दिलं म्हणून द्यावं. उगं लाजू नये."

त्यानंतर सरांनी घर वाटायला काढलं. शेडचे पत्रे गफारभाईंना दिले, काकूंची मोठी पितळी परात समोरच्या बाईंना, पुस्तकं शाळेला. प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचे, "हे दिलं बरं का. सांभाळायला न्हाई." माणूस वस्तू घेऊन दारातून बाहेर पडला तरी मागून ओरडायचे, "विका, मोडा, फेका. मला पुन्हा दावू नका!" सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं काहीजण म्हणू लागले. मला तसं वाटलं नाही. मला त्यांची फार दया यायची आणि ती दाखवायची सोय नव्हती.

मला त्यांनी आपलं सागवानी टेबल दिलं. नायगावच्या भाड्याच्या घरापासून ज्यावर पेपर तपासले ते. आमचा हॉल केवढासा, त्यात ते अर्ध्या जागेत ऐसपैस बसलं. खणाला लाल शाईचे डाग होते आणि एका कोपऱ्यात पोरांचे मार्क काढताना टोकरलेल्या रेघा. उन्हाळा लागायच्या आधी एका पहाटे सर झोपेतच गेले. पुण्याहून मुलगा आला, दिवस वगैरे झाले, आणि तो घराला कुलूप लावून परत गेला.

त्यानंतर मी रोज त्या टेबलाशी बसून पाहिलं. बसलं की रडू यायचं, आणि बायकोला स्वयंपाकघरात जायला टेबलाला वळसा घालून जावं लागायचं. तिनं एकदाही कुरकुर केली नाही. मला वत्सलाकाकू आठवायला लागल्या, आणि मग मी जुनं फर्निचर घेणाऱ्याला बोलावलं. त्याची माणसं टेबल हातगाडीवर चढवत असताना बायको दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"अहो, सरांची आठवण आहे ती," ती म्हणाली. "राहू द्या ना. ठेवू या की."

"सरांनी ते दिलंय," मी म्हणालो. "ठेवायला नाही."